आठ वार लोकर आणि एक पत्रक

आमच्या घरी छापलेला शब्द मागे घेत नसत. इचलकरंजीत आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत आई मशीनवर परकर शिवायची आणि दुसरीत आप्पांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. आप्पा यंत्रमागावर काम करायचे, आणि उरलेल्या वेळात कामगारांच्या सभा, मोर्चे आणि त्यांची पत्रकं. मला वाचायला शाळेच्या आधी पत्रकांनीच शिकवलं. सहाव्या वर्षी मला पत्रकाची चार पदरी घडी अशी घालता यायची की मथळा बरोबर वर येईल. एकदा छापखान्यात घोळ झाला आणि सोमवारच्या सभेच्या पत्रकावर मंगळवार छापून आला. सगळे म्हणाले, तोंडी निरोप फिरवू. आप्पा म्हणाले, "छापलंय ते छापलंय." सभा मंगळवारी झाली. बाहेरगावचा वक्ता सोमवारी येऊन परत गेला होता, म्हणून आप्पाच बोलले. दीड तास.

हे आधी सांगते, कारण त्याशिवाय मी नवऱ्यासाठी किल्ट का शिवला हे कळणार नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना वाटतं मी तो प्रेमाने शिवला. प्रेम होतं, नाही असं नाही. पण मी तो शिवला, कारण मला चूक झाली असं म्हणायचं नव्हतं.

२००७ साली लग्न करून मी कॅनडात, कोक्विटलामला आले. नवरा पुण्याचा, शेजारच्या बर्नाबीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा, स्वभावाने इतका थंड की त्याच्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. पण हात स्वस्थ नसायचे. कॉलेजात असताना तो गणपतीत ताशा वाजवायचा. इथे ताशा नव्हता, म्हणून कुकरच्या झाकणावर, गाडीच्या स्टिअरिंगवर, लिफ्टच्या दारावर वाजवायचा. मग एकदा रस्त्याने जाताना त्याला एका चर्चच्या बेसमेंटमधून स्कॉटिश पाइप बँडची, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम वाजवणाऱ्या पथकाची तालीम ऐकू आली. तो आत गेला आणि ड्रमवाल्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. घरी आला तो काड्यांची जोडी आणि सरावाची एक रबरी चकती घेऊनच.

"अगं, त्यांचा रोल ऐकायला हवास तू," तो म्हणाला. "आपल्या ताशाच्या तर्रीसारखाच. फक्त इस्त्री केलेला."

पुढे वर्षभर दर मंगळवारी तो तालमीला गेला. मला काही अडचण नव्हती, जोवर मला किल्टचं कळलं नव्हतं तोवर. किल्ट म्हणजे चौकड्याच्या जाड लोकरी कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा, मागे दाट चुण्या घातलेला पुरुषांचा पोशाख. बँड मिरवणुकीत निघतो तो हाच घालून. आणि याच वेशातल्या पलटणी अठराशे सत्तावन्न साली आपल्या लोकांना गोळ्या घालत फिरल्या होत्या. मी फोटो पाहिलेले होते. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितलेलाच होता. मी एका बैठकीत तीन पानं लिहिली. नाव कुणाचं घेतलं नाही. त्यात एक वाक्य होतं: "साहेबाचा परकर नेसून साहेबाचंच ढोलकं बडवणारे भाडोत्री वाजंत्री." मला ते वाक्य फार आवडलं होतं. अंक आल्यावर मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. कुणाला, तर त्यालाच.

"लेख छान झालाय," तो म्हणाला. "माझा फोटोपण टाकायचा ना."

नाव घेतलं नव्हतं हे खरं, पण आमच्या सगळ्या मंडळात पाइप बँडमध्ये जाणारा मराठी माणूस एकच होता. दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काका भेटले. सत्तरच्या दशकात इकडे आलेले, निवृत्त इंजिनिअर, आवाज हॉलभर जाणारा. हातातली पुरणपोळीची ताटली सांभाळत ते नवऱ्याला म्हणाले, "काय वाजंत्री, आज परकर नाही नेसलात?" सगळे हसले. तोही हसला. घरी आल्यावर त्याने काड्या आणि रबरी चकती कपाटात व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे ठेवून दिली.

"शेजाऱ्यांना आवाज होतो," तो म्हणाला.

रबरी चकतीचा आवाज होत नाही. आवाज होऊ नये म्हणूनच ती असते.

तालमीला तो जात राहिला, पण घरातलं वाजणं थांबलं. कुकर नुसता शिट्ट्या देऊ लागला. गाडीत सिग्नलला त्याचे हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले असायचे. मी वाट पाहिली की तो भांडेल. माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती. तो एका शब्दाने भांडला नाही. असल्या माणसाबरोबर संसार करणं किती अवघड असतं हे ज्यांची नवरे मंडळी आरडाओरडा करतात त्यांना नाही कळायचं.

मार्चमध्ये बँडने त्याला पास केलं. जुलैच्या एक तारखेला कॅनडा डेच्या परेडमध्ये पहिल्यांदा चालायचं. त्याने हे भांडी पुसता पुसता सांगितलं आणि त्याच सुरात म्हणाला, "मी त्यांना नाही म्हणणार आहे."

"का?"

"बँडच्या कपाटातले सगळे किल्ट त्या लोकांच्या मापाचे आहेत. एकात माझ्यासारखे दोन बसतील. आणि किल्टशिवाय चालू देत नाहीत."

"मग विकत घे."

"जाऊ दे गं. एका परेडसाठी कशाला."

अडचण किल्टची नाही असा मला तेव्हाच संशय आला होता. पण तो संशय मला गैरसोयीचा होता. किल्टची अडचण असेल तर ती मला सोडवता येत होती. परकर शिवणाऱ्या बाईची मुलगी आहे मी. दुसरी अडचण असेल, तर ती मीच होते. मी किल्टवर विश्वास ठेवायचं ठरवलं.

बँडच्या कपड्यांचं कपाट एक आजी सांभाळायच्या. वय ऐंशीच्या आसपास, तरुणपणी स्कॉटलंडहून आलेल्या, बँडमधले निम्मे किल्ट त्यांच्याच हातचे. एका दुपारी मी बसने त्यांच्या घरी गेले. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, पण ते मला आता माझ्याच भाषेत आठवतं.

"मी या पोशाखाच्या विरोधात आहे," मी दारातच सांगितलं. गैरसमज नको.

"बरं," आजी म्हणाल्या. "मग काय हवंय?"

"तो शिवायला शिकायचंय. नवऱ्यासाठी. त्याला सांगायचं नाही."

"म्हणजे मला वाटलं तितकी काही तू वेगळी नाहीस. ये आत."

चहा होईपर्यंत मी त्यांना पलटणींबद्दल सांगितलं. लखनौ, कानपूर, सगळं. त्या सुईत दोरा ओवत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या लोकांना एके काळी हा कपडा घालायला बंदी होती, ठाऊक आहे? घातला तर तुरुंग."

हे मला माहीत नव्हतं. मला माहीत नसलेलं कुणी सांगितलं की मला राग येतो. "आणि सैन्यात भरती झाल्यावर?" मी विचारलं.

"सैन्यात चालायचा. सूट होती."

"बघा!"

"हो, तेही खरंच आहे," आजी म्हणाल्या. "मापं आणलीस का?"

वाद घालायला आलेल्या माणसाला असं मोकळं सोडणं बरं नव्हे.

त्यांनी पेटीतून कापड काढलं. बँडसाठी खास विणून घेतलेलं, हिरव्यावर निळ्या आणि बारीक पिवळ्या रेघांचं. आठ वार, आणि हा शेवटचाच तुकडा. "मी आता नवा शिवणार नाही," त्या म्हणाल्या, "तू शिव." त्यांनी मला चुण्या घालायला शिकवलं. चौकडी अशी मोडायची की चुण्या घातल्यावर मागे पुन्हा तीच चौकडी जुळून यावी. शिलाई हातानेच. खाली दुमडायचं नाही. कापडाची किनार हीच खालची कड. हे मला आवडलं. विणणाऱ्याने जिथे हात थांबवला तिथेच पोशाख संपतो, हे मागाच्या गावात वाढलेल्या मुलीला आवडणारच. "घाई करू नकोस," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या. कापडाचं काय काय करू नये हे त्यांनी सांगितलं नाही. कुणाला तसं सुचेल हेच त्यांच्या मनात आलं नसणार.

रविवारी आईला फोन केला.

"किल्ट म्हंजे काय गं?" आईने विचारलं.

"चुण्यांचा असतो. गुडघ्यापर्यंत. कमरेला पट्टा."

"परकर म्हण की."

मी कापडाचा रंग सांगायला लागले.

"वाचलाय मी तुझा लेख," आई म्हणाली. "आप्पांनी गल्लीतल्या चार जणांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवला. परकर नेसून म्हणून लिहिलंयस. परकरानं काय घोडं मारलं गं तुझं?"

"आई, ते तसं नाही. ते प्रतीक म्हणून..."

"प्रतीक राहू दे. बाईचा कपडा नेसला की गडी हलका होतो, असंच लिहिलंयस न्हवं? आणि तूच बायकांच्या सभेत भाषणं करतीस. मी तीस वरसं परकर शिवते. कुणी मला असं म्हटलं न्हाई."

आईने उत्तर मागितलंही नाही, आणि हेच जास्त लागलं. ती लगेच कामाच्या गोष्टीवर आली. "कापड पाण्यातनं काढलंस का?"

"नाही अजून."

"आधी पाण्यातनं काढ, मग कात्री लाव. शिवल्यावर आटलं तर बसशील रडत."

आमच्याकडे कापडाला कात्री लागते ती पाण्यातून काढल्यावरच. अस्तर असो, साडीचा फॉल असो, परकराचा तागा असो, आधी पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, काय आटायचं ते आटू द्यायचं, मग मापं टाकायची. याला अपवाद असेल असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. जाड कापडाला आई कढत पाणी घ्यायची. मी ते आठ वार बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये नेले, मशीनमध्ये घातले, बटण हॉटवर फिरवलं, आणि मग जास्तीची खबरदारी म्हणून ड्रायरमध्ये टाकले, तोही पूर्ण तापवून. इतकं काळजीपूर्वक मी आयुष्यात क्वचितच काही केलं असेल.

ड्रायरचं दार उघडल्यावर आधी वास आला. पावसात भिजलेल्या मेंढरांचा. मग मी हात घातला आणि जे बाहेर आलं ते घोंगडं होतं. कापड जाड होऊन आक्रसलं होतं. पिवळ्या रेघा लोकरीत बुडाल्या होत्या, चौकोन तिरके झाले होते. लाँड्रीच्या टेबलावर टेप लावली. आठ वारांचे पावणेसात झाले होते. लोकरीला गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ती अशीच आळून घट्ट होते; घोंगडी करणारे धनगर तर तेच करतात. इचलकरंजीत सूत असतं. आम्हाला मेंढ्यांशी काय करायचंय?

त्या क्षणी आजींना फोन करून सांगायला हवं होतं. बँडचा शेवटचा तुकडा होता तो. मी फोन केला नाही. कापड आटलंय, पण नवराही बारीक आहे, असा मी हिशोब मांडला, आणि शिवायला बसले.

डेकेअरमधलं माझं काम अर्ध्या दिवसाचं होतं, त्यामुळे दुपारी घर माझंच असायचं. एप्रिल, मे, अर्धा जून मी त्या घोंगड्याशी झुंजले. चुण्या मोडायच्या तर कापड मोडायला तयार नाही; दाबून धरलेली चुणी हात सोडला की पुन्हा उभी. सुई आरपार जाईना. अंगठ्यात गेली, तर्जनीत गेली, एकदा नखाखाली गेली. चौकडी जुळवणं तर सोडूनच द्या. कापड सगळीकडे सारखं आटलं नव्हतं, त्यामुळे एका टोकाला रेघ रेघेला मिळाली की दुसऱ्या टोकाला बोटभर सरकायची. तीन वेळा उसवलं. त्या कापडाला मी जे जे बोलले ते आप्पा गिरणीमालकांनाही कधी बोलले नसतील. आणि दर वेळी, चुणी दाबून धरलेली असताना, आईचं ते वाक्य कानात: बाईचा कपडा नेसला की गडी हलका होतो, असंच न्हवं?

एका बेडरूमच्या घरात पावणेसात वार घोंगडं लपवणं शक्य नसतं. बेडखाली ठेवलं तर गादीला फुगवटा यायचा. नवरा त्या फुगवट्यावर झोपला आणि काही बोलला नाही. एकदा फक्त नाक वर करून म्हणाला, "काय गं, आपल्या बिल्डिंगमध्ये पेट्स अलाउड आहेत का? मेंढीचा वास येतोय."

"खिडकी उघड," मी म्हणाले.

जूनच्या मध्यावर त्याचा वाढदिवस होता. सकाळी चहाबरोबर मी ते पुडकं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने उलगडलं, बराच वेळ पाहिलं, मग शॉर्ट्सवरून कमरेला गुंडाळून बक्कल लावलं. मापात बसला होता. मी श्वास सोडला. मग तो वळला. किल्ट झुलायला हवा. आजींच्या घरी भिंतीवरच्या फोटोंत सगळ्यांचे झुलत होते. माझा झुलला नाही. सगळ्या चुण्या एकदम वळल्या, कपाटाच्या दारासारख्या. तो खुर्चीवर बसायला गेला तर किल्ट बसेना. शेवटी त्याने तो काढला आणि जमिनीवर सोडला, तर तो पडला नाही. स्वतःच्या जोरावर उभा राहिला, आमच्या हॉलच्या मधोमध, आत कुणी नसलेला.

तो हसायला लागला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तसा हसला, भिंतीला पाठ टेकून, डोळे पुसत. मग म्हणाला, "परेडला हाच घालणार."

"वेडा आहेस का? सगळ्या बँडचे किल्ट झुलणार आणि तुझा मध्येच पिंपासारखा..."

"हाच. नाहीतर परेड नाही."

"हा काय हट्ट आहे?"

"हट्ट नाही. तत्त्व आहे."

"तत्त्वं माझ्याकडे असतात!" मी ओरडले. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

मंगळवारी तालमीला मीही त्याच्याबरोबर गेले, कारण आजींना ते दाखवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. चर्चच्या बेसमेंटमध्ये पाइपवाले सूर लावत होते. आजींनी किल्ट हातात घेतला, किनार दोन बोटांत धरून चोळली.

"धुतलंस तू," त्या म्हणाल्या.

"हो."

"गरम पाण्यात?"

"आणि ड्रायर."

आजी खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी किल्ट उलटा केला आणि आतली शिलाई पाहिली. प्रत्येक चुणी, वरपासून खालपर्यंत. "टाके फार सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मी ते सहज सोसलं असतं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "पण तुला मी मार्चमध्येच म्हटलं होतं ना, की कपाटातला तो लहानातला किल्ट घे, बक्कल सरकवून देते? दहा मिनिटांचं काम होतं. ही आली तेव्हा मला वाटलं, हिला तुझ्यासाठी स्वतःच्या हातचाच करायचाय."

नवरा छताकडे पाहत होता. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी दार आपटलं. "तुला किल्ट मिळत होता."

"हो."

"तीन महिने मी बोटं भोसकून घेतली."

"माहितीये. बँड-एड मीच आणून ठेवत होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू काहीतरी न बोलता करत होतीस," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. म्हटलं, बघू किती दिवस जमतं." त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "अडचण किल्टची नव्हती."

"ते मला माहीत होतं."

"मग?"

"मग म्हणून तर शिवला ना! अजून काय करायचं माणसाने?"

"काका मला अजून वाजंत्री म्हणतात. परवा ग्रोसरी स्टोअरमध्ये म्हणाले, कांद्यांच्या समोर. चारचौघांत. मी त्या रस्त्यावरून ड्रम वाजवत जायचं आणि कडेला उभं राहून आपल्याच लोकांनी हसायचं, हे मला नाही जमणार. ते तुझ्या शिवण्याने जात नाही." त्याचा आवाज अजूनही चढलेला नव्हता. "तू छापून बोललीस. छापून मागे घे."

"आमच्याकडे मागे घेत नाहीत."

"माहितीये तुमच्याकडचं. सभा मंगळवारी झाली आणि वक्ता सोमवारीच परत गेला."

ही गोष्ट मीच त्याला लग्नाआधी अभिमानाने सांगितली होती.

मी लिहायला बसले. लेख एका बैठकीत झाला होता. याला नऊ दिवस लागले. पहिला खर्डा मूळ लेखापेक्षा लांब झाला, आणि त्यात सत्तावन्न साल पुन्हा आलं. नवऱ्याने वाचून परत दिला. "ही माफी नाही. हा लेखाचा दुसरा भाग आहे." दुसऱ्यात मी संपादकीय परंपरेबद्दल बोलले होते. तिसऱ्यात 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' असं आलं, आणि ते पाहून माझी मलाच किळस आली. आप्पा असल्या 'असल्यास'वर आयुष्यभर थुंकले होते. शेवटी जे उरलं ते एवढं होतं:

"पलटणींबद्दल मी लिहिलं ते मी आजही खरं मानते. पण माझ्या घरातल्या माणसाला मी भाडोत्री म्हटलं. तो भाड्याने वाजवत नाही. वाजवल्याशिवाय त्याला राहवत नाही. आणि परकर हा शब्द मी शिवी म्हणून वापरला. माझी आई परकर शिवते. दोन्ही शब्द मी मागे घेते."

मंडळाचा पुढचा अंक थेट दिवाळीला निघणार होता. परेड आठवड्यावर आली होती, आणि तिच्या आदल्या रविवारी बर्नाबीतल्या एका पार्कात मंडळाची पिकनिक होती. मी कॉपी सेंटरमधून पन्नास प्रती काढून आणल्या, वर मोठ्या अक्षरांत 'खुलासा'. त्या मी जेवणाच्या टेबलाशी बसून दुमडल्या, चार पदरी, मथळा वर. हात काही विसरले नव्हते.

पत्रकं वाटायला मला कधी लाज वाटली नव्हती. पोलिसांसमोर वाटलीत, मालकांच्या गेटवर वाटलीत. त्या दिवशी भेळेच्या टेबलापासून मुलांच्या झोक्यापर्यंत जाताना माझे कान तापले होते. लोकांनी एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात पत्रक घेऊन वाचलं. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. काकांनी चष्मा लावला, उभ्या उभ्या सगळं वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"म्हणजे आता याला वाजंत्री म्हणायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग म्हणायचं काय?"

"ड्रमर चालेल, काका," मागून नवरा म्हणाला.

"ड्रमर," काकांनी म्हणून पाहिलं. "त्यात मजा नाही राव." पण त्यांनी पत्रक शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि एक तारखेला परेड कुठून निघते ते विचारून घेतलं.

नवऱ्याने माझ्यापुढे हात केला. मी एक पत्रक त्याच्या हातावर ठेवलं, कुणाही माणसाला द्यावं तसं. सगळे खर्डे त्याने वाचलेले होते, तरी त्याने ते सगळं वाचलं. मग दुमडून खिशात घालायला लागला, तर मथळा आत गेला. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, नीट दुमडलं आणि परत दिलं. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून माणसाला साधी घडी येऊ नये.

कॅनडा डे मी साजरा करत नाही. ज्यांच्याकडून ही जमीन घेतली त्यांना विचारा, मग मेणबत्त्या लावा. पण त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभी होते, झेंडा न घेता. बँड आला. तो तिसऱ्या रांगेत होता, तत्त्व घरी ठेवून कपाटातल्या उसन्या किल्टमध्ये, बक्कल दोन बोटं आत सरकवलेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं नसतं म्हणे. किल्ट प्रत्येक पावलाला झुलत होता. त्याची तर्री मात्र पूर्ण इस्त्री केलेली नव्हती, मधूनच एखादी काडी पुण्याला जाऊन येत होती. शेजारी काका टाळ्या वाजवत होते, तालात नव्हे.

माझा किल्ट आमच्याकडेच आहे. हिवाळ्यात बाल्कनीत उभं राहून फोनवर बोलायचं असेल तेव्हा तो जीन्सवरून गुंडाळतो आणि सांगतो की याच्यासारखा ऊबदार कपडा नाही. हे तो मला चिडवायला म्हणतो की खरंच म्हणतो, ते अजून मला कळलेलं नाही. आजींना मी दुसरं कापड विणवून आणून देते म्हटलं, तर म्हणाल्या, "तू धुणार नसशील तर."

पत्रकाची एक प्रत मी इचलकरंजीला पाठवली होती. आप्पांचा फोन आला. मागे आईचं मशीन ऐकू येत होतं. मी तयारीत होते. आयुष्यभर ज्याची भीती होती ते आता ऐकायचं होतं.

"वाटून झालं सगळं?" त्यांनी विचारलं.

"हो. पन्नासच्या पन्नास."

"मग झालं तर," आप्पा कुरकुरत म्हणाले. "छापलंय ते छापलंय."

मागचं मशीन थांबलं. "तिला विचारा," आई म्हणाली, "कापड पाण्यातनं काढलं होतंस ना म्हणावं?"

"काढलं होतं," मी म्हणाले. "चांगलं काढलं होतं."